‘आमच्या खानदानातच जाडेपणा हाय’: लठ्ठपणा, जनुकं आणि वजन उतरवणं यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ, वर्धा, चंद्रपूरकडच्या गावांत वजन-शुगरची शिबिरं होतात, तेव्हा काट्यावरून उतरता उतरता लोक जे विचारतात आणि नंतर व्हॉट्सअ‍ॅपवर जे पाठवतात, ते इथं एकत्र केलं आहे. प्रश्न विचारणाऱ्याच्या बोलीतच ठेवले आहेत. एका उत्तराचा धागा दुसऱ्या उत्तरात असेल तिथं क्रमांक दिला आहे.

१. आमच्या घरी सारेच जाड. म्हणजे हे खानदानीच हाय न?

बऱ्याच अंशी हो. पण घरात जनुकं जशी सारखी असतात तशी चूलही एकच असते, त्यामुळे नुसतं घर पाहून दोन्हींचा वाटा वेगळा काढता येत नाही. तो काढायचा तर दत्तक गेलेली मुलं पाहावी लागतात. डेन्मार्कमध्ये ५४० दत्तक व्यक्तींचा असा अभ्यास १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. मोठेपणी त्यांची अंगकाठी जन्मदात्या आईबापांशी जुळत होती. ज्यांच्या घरी ती वाढली त्यांच्याशी जुळत नव्हती.

जुळ्यांचे आणि कुटुंबांचे अभ्यास धरले तर वजनातल्या फरकामागे आनुवंशिकतेचा वाटा साधारण ४० ते ७० टक्के निघतो. हा आकडा फार चुकीचा वाचला जातो. ‘माझं ७० टक्के वजन जनुकांचं’ असा त्याचा अर्थ होत नाही. मिसळ बियाण्याची एक थैली अर्धी काळ्या कसदार वावरात आणि अर्धी मुरमाड वावरात पेरली, असं धरा. एका वावरातली झाडं उंचसखल दिसली तर तो फरक बियाण्याचा. पण दोन वावरांमधला फरक जमिनीचा. टक्केवारी एका वावरातल्या फरकाबद्दल बोलते. एका झाडाबद्दल ती काही सांगत नाही.

२. सिकलसेलसारखी लठ्ठपणाची बी रक्ततपासणी होते का? कार्ड भेटते का?

नाही. आपल्या भागात जनुक म्हटलं की सिकलसेल (रक्तातल्या लाल पेशींचा आनुवंशिक आजार) आठवतो आणि ते साहजिक आहे. नागपूरकडच्या लोकांतल्या सिकलसेलची नोंद वैद्यकीय नियतकालिकात १९५८ मध्येच झाली होती. पण सिकलसेलचा हिशेब सरळ आहे. एका जनुकात एक बदल असतो. आईबाप दोघंही वाहक (अंगात दोष आहे, पण आजार नाही असे) असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता २५ टक्के. म्हणून तपासणी करून पक्कं सांगता येतं.

नेहमीच्या लठ्ठपणात असं एक जनुक नसतं. २०१८ च्या एका मोठ्या विश्लेषणात डीएनएवरच्या वजनाशी संबंधित ९४१ जागा सापडल्या. त्या सगळ्या मिळूनही माणसामाणसांतल्या फरकाचा जेमतेम ६ टक्के भाग समजला. बहुतेक जागांचा परिणाम अगदी थोडा. कार्डावर लिहायचं काय? लठ्ठपणा खरोखर एकाच जनुकामुळे होतो अशी थोडी कुटुंबं असतात, त्यांच्याबद्दल प्रश्न १० पाहा.

३. मोबाइलवर ‘लठ्ठपणाचं जनुक’ म्हणून एफटीओचं नाव वाचलं. ते करते काय?

एफटीओ २००७ मध्ये सापडलं, तेही मधुमेहाचा शोध घेताना. त्याचं वजन वाढवणारं रूप आई आणि बाप दोघांकडूनही आलेली माणसं सरासरी ३ किलोने जड निघाली. नेहमीच्या लठ्ठपणातलं हे सगळ्यात ठळक जनुक. त्याचा जोर इतकाच.

हे रूप असलेल्यांची भूक जेवणानंतर लवकर शमत नाही आणि हात पुन्हा ताटाकडे जातो, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलं. वजनाशी संबंध सापडलेली इतर अनेक जनुकंही मेंदूत, भूक आणि तृप्तीच्या भागातच काम करतात. म्हणून ‘जिभेवर ताबा नाही’ असं कुणाला म्हणण्याआधी जरा थांबावं. दोन माणसांना सारखी भूक लागतच नाही.

पुणे आणि मैसूरच्या लोकांवरचा एक अभ्यास २००९ मध्ये आला. आपल्याकडे एफटीओचा मधुमेहाशी असलेला संबंध नुसत्या वजनातून पूर्ण उलगडत नाही, असं त्यात दिसलं. प्रश्न ६ त्याच गुंत्याचा आहे.

४. आमी दोघं भाऊ एकाच ताटात जेवलो. तो काडी, मी असा. काऊन?

सख्ख्या भावांची सरासरी निम्मीच जनुकं सारखी असतात. उरलेल्यात फरक पडायला भरपूर जागा आहे.

कॅनडात १९९० मध्ये एकसारख्या जुळ्यांच्या १२ जोड्यांना गरजेपेक्षा रोज १,००० कॅलरी जास्त दिल्या, एकूण ८४ दिवस. सगळ्यांना जादा अन्न तेवढंच. तरी कुणाचं वजन ४.३ किलो वाढलं, कुणाचं १३.३. आणि जोडीतल्या दोघांचं वाढणं एकमेकांशी बरंच मिळतंजुळतं. म्हणजे ‘तेवढंच खाऊनही मलाच लागतं’ ही तक्रार खरी असू शकते. तरी कुणीच त्या जादा खाण्यातून कोरडा सुटला नाही, हेही त्याच प्रयोगात आहे.

५. आजोबा सडपातळ होते. जनुकं तर तेच, मंग आमीच कसे फुगलो?

प्रश्न १ मधली दोन वावरं आठवा. बियाणं तेच राहिलं, जमीन बदलली. आजोबांच्या काळात डवरणी, निंदण, बैलबंडीमागचं चालणं आणि ताटात ज्वारीची भाकर. आज निंदणाच्या जागी तणनाशकाची फवारणी आहे आणि वावरात जायला दुचाकी. ज्वारीचा पेरा घटून सोयाबीन आलं. ताटात रेशनचा तांदूळ-गहू, घरात तेलाचा पिंप, आणि पाच रुपयांचं कुरकुरीत पाकीट प्रत्येक पानटपरीवर.

अमेरिकेतल्या एकाच गावच्या कुटुंबांचा पिढ्यानपिढ्या चाललेला फ्रॅमिंगहॅम अभ्यास आहे. त्यात एफटीओचा वजनावरचा परिणाम १९४२ नंतर जन्मलेल्यांतच ठळक दिसला. आधीच्यांत तेच जनुक होतं, पण त्याला वाव नव्हता. आजोबांकडेही ते असेल. दिसलं नाही, एवढंच.

६. हातपाय बारीक, वजन बी फार नाही, पण पोट सुटलं. डॉक्टर म्हणते शुगर तपासा. जाड नाही तरी कायले?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि तो विचारणारे स्वतःला लठ्ठ समजतच नाहीत.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून गरोदर बायका आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. आपली बाळं स्नायूंनी, पोटातल्या अवयवांनी लहान होती, पण चरबी मात्र तेवढी कमी नव्हती. ‘बारीक पण चरबीदार’ ही अंगकाठी जन्मापासूनच तयार होते. पुढे २००४ मध्ये त्यांनी आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांनी आपापलंच अंग मोजून छापलं. दोघांचा बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २२.३. शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२ टक्के.

म्हणून भारतीयांसाठी मोजमाप वेगळं आहे. बीएमआय २३ च्या वर गेला की वजन जास्त आणि २५ च्या वर लठ्ठपणा. साधारण ५ फूट उंचीच्या बाईला ५३ किलोपासूनच सावध व्हायला हवं. कंबर बाईची ८० सेंटिमीटर, पुरुषाची ९० सेंटिमीटर, त्यापुढे धोका. टेप शेवटच्या बरगडीच्या आणि कमरेच्या हाडाच्या मधोमध लावायचा, श्वास सोडून. पॅंटचा नंबर धरू नका. पुरुष पॅंट पोटाखाली बांधतात आणि वर्षानुवर्षं एकच नंबर सांगतात.

यात जनुकांचा हात आहेच. २००८ मध्ये लंडनमधल्या भारतीय वंशाच्या लोकांत एमसी४आर या जनुकाजवळचा एक बदल कमरेच्या घेराशी आणि इन्सुलिन नीट न लागू पडण्याशी जोडलेला आढळला. पण आईच्या पोटात बाळाला काय मिळालं याचाही हात मोठा आहे (प्रश्न ८). शुगर मात्र तपासाच, आणि घरात सिकलसेल असेल तर आधी प्रश्न १७ वाचा.

७. दुष्काळात तगलेल्या लोकायची जनुकं चरबी साठवणारी असतात म्हणे?

ही कल्पना जेम्स नील या शास्त्रज्ञाने १९६२ मध्ये मांडली. उपासमारीत ज्यांच्या अंगात चरबी टिकली ते जगले, आणि तीच जनुकं आता सुकाळात महाग पडतात. ऐकायला पटते, आणि विदर्भात तर जास्तच पटते. पण तशी ठरावीक जनुकं दाखवणं कुणाला नीट जमलेलं नाही, आणि शास्त्रज्ञांत यावर बरीच हमरीतुमरी आहे. पुराव्याच्या बाजूने पाहिलं तर पुढच्या प्रश्नातलं उत्तर जास्त भक्कम आहे.

८. दोन जिवाच्या बाईनं कमी खाल्लं तर बाळ लहान राहते, बाळंतपण सोपं जाते, असं सासूबाई म्हणतात. खरं हाय का?

सासूबाईंनी घरीच झालेली बाळंतपणं पाहिलेली असतात. त्यांची भीती समजते, सल्ला मात्र चालणार नाही.

दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्सच्या पश्चिम भागात उपासमार झाली. त्या वेळी गर्भाच्या सुरुवातीच्या महिन्यांत असलेली मुलं तरुणपणी लठ्ठ होण्याचं प्रमाण जास्त निघालं. साठ वर्षांनी रक्त तपासलं तर वाढीशी निगडित एका जनुकावरच्या रासायनिक खुणा त्यांच्यात वेगळ्या होत्या. जनुकाची अक्षरं तीच, ते किती चालावं याची खूण बदललेली. म्हणजे आईच्या पोटातला काळही शरीर लक्षात ठेवतं.

म्हणून पोटुशी बाईला पोटभर वरण, अंडी किंवा दूध, पालेभाजी आणि उपकेंद्रातल्या लोहाच्या गोळ्या द्या. ‘दोघांचं खा’ म्हणून दुप्पट भातही नको. आणि ती वावरात निंदायला जात असेल तर तेवढ्या कष्टाचं जादा अन्न तिच्या ताटात पडलंच पाहिजे. शेवटी जेवायची पद्धत तिच्यापुरती तरी मोडा.

९. लेकरू गुटगुटीत हाय. पुढं बी जाडच राहीन का?

जन्माच्या वजनावरून जनुकांचा अंदाज बांधू नका. २०१९ मध्ये लाखो जनुकीय बदलांचा एकत्र गुणांक काढून लोकांचे दहा गट केले. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी गुणांकाच्या गटांत जन्मतः फरक ६० ग्रॅमच्या आसपास, आणि अठराव्या वर्षी सुमारे १२ किलोचा. जनुकं आपला रंग शाळेच्या वयात दाखवतात. हा गुणांक युरोपीय लोकांवरून बांधलेला आहे, आपल्याकडे तो तितका लागू पडत नाही.

सहा-सात वर्षांनंतर पोट, मानेवर काळी मखमली कातडी आणि दम लागणं यांकडे लक्ष द्या. मानेवरचा तो काळपटपणा घासून निघत नाही. ती बहुधा इन्सुलिन नीट लागू पडत नसल्याची खूण असते.

१०. पोरगा चार वर्षांचा. जेवला तरी रडते, रात्री उठून डबे उघडते. हे साधं वाटत नाही.

हे साधं नसू शकतं. इथं ‘कमी खाऊ घाला’ एवढं बोलून कुणी परत पाठवलं तर ऐकू नका.

पाच वर्षांच्या आत सुरू झालेला मोठा लठ्ठपणा आणि न भागणारी भूक एकत्र असतील तर एकाच जनुकातल्या बिघाडाची शंका घ्यावी लागते. जन्मतः लुळं होतं, नीट दूध ओढत नव्हतं, आणि काही वर्षांनी भूक सुटली, तर प्राडर-विली हा गुणसूत्र १५ मधल्या दोषाचा आजार आठवावा. हातापायाला सहावं बोट, रात्री कमी दिसणं आणि लठ्ठपणा एकत्र, तर बार्डेट-बीडल हा आजार. बाकी सगळं ठीक, उंचीही चांगली, फक्त भूक अफाट, तर एमसी४आर जनुकातला दोष.

सगळ्यात विलक्षण गोष्ट लेप्टिनची. हे संप्रेरक चरबीतून निघून मेंदूला ‘साठा पुरेसा आहे’ असं कळवतं. १९९७ मध्ये इंग्लंडमध्ये पाकिस्तानी वंशाच्या कुटुंबांतली दोन चुलत-आते नात्यातली मुलं आढळली. मुलगी ८ वर्षांची आणि ८६ किलोची, मुलगा २ वर्षांचा आणि २९ किलोचा. दोघांच्या अंगात लेप्टिन बनतच नव्हतं. मुलीला रोज लेप्टिनचं इंजेक्शन सुरू केलं आणि वर्षभरात तिचं वजन १६ किलोने उतरलं. तिला खादाड म्हणणाऱ्यांचं काय झालं असेल कोण जाणे.

असं मूल असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रातून मोठ्या शासकीय रुग्णालयाच्या बालरोग विभागाची चिठ्ठी घ्या. नागपूरला गेलात तर जन्मापासूनच्या वजनाच्या नोंदी, अंगणवाडीचं कार्ड सुद्धा, सोबत न्या. जनुकाची तपासणी अशा मुलांतच कामाची.

११. मामाच्या पोरीशी लग्न केलं तर पोरं जाड होतील का?

नेहमीचा लठ्ठपणा त्याने वाढत नाही. पण मामेबहिणीशी सरासरी आठवा हिस्सा जनुकं सारखी असतात, त्यामुळे दोघांत दडलेला एकच दोष मुलात एकत्र येण्याची शक्यता वाढते. लेप्टिनचा आजार याच वाटेने येतो. तो अतिशय दुर्मीळ. आपल्या भागात नात्यात लग्न ठरवताना खरी काळजी सिकलसेलची असावी. दोघांची तपासणी आधी करा, कुंडली नंतर.

१२. जनुकच असं असन तर खाणं कमी करून फायदा काय?

एफटीओचं वजन वाढवणारं रूप असलेल्यांचं वजन उतरत नाही का, हे आठ चाचण्यांतल्या ९,५६३ जणांची माहिती एकत्र करून २०१६ मध्ये तपासलं. ते रूप असो वा नसो, वजन सारखंच उतरलं. २०११ च्या आणखी एका विश्लेषणात, २ लाखांहून जास्त प्रौढांत, अंगमेहनत करणाऱ्यांमध्ये एफटीओमुळे येणारा लठ्ठपणाचा जादा धोका २७ टक्क्यांनी कमी दिसला. जनुक तुम्हाला वर ढकलतं. उतरायचा रस्ता बंद करत नाही.

मग करायचं काय? जनुकं मुख्यतः भुकेतून काम करत असतील तर भुकेशी भांडण्यापेक्षा तिला लवकर शमवावं. भाताचा डोंगर आणि पातळ वरण याच्या जागी घट्ट वरण, उसळ, अंडी आणि दुप्पट भाजी. ज्वारीची भाकर परत आणा. तर्री-पोहे रोजचा नाश्ता नव्हे. चहाचा हिशेब एकदा कराच: दिवसाला पाच कप, कपात दोन चमचे साखर, म्हणजे ५० ग्रॅम साखर आणि २०० कॅलरी, तेही पोट न भरता. पाकीट घरात आणलंच नाही तर रात्री दहाला मनाशी झगडावं लागत नाही.

‘आमी वावरात राबतो, आमाले व्यायाम कायले’ असंही विचारतात. कपाशीची वेचणी चालू असताना खरंच गरज नाही. हंगाम सरल्यावर चालणं थांबतं आणि ताट तेवढंच राहतं, अडचण तिथं आहे.

आणि काटा हलला नाही म्हणून सोडू नका. भारतात मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांवर झालेल्या चाचणीत (२००६) नुसत्या खाण्या-चालण्याच्या बदलाने मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं, आणि त्यांचं वजन जवळपास तेवढंच होतं.

१३. थुंकी पाठवली तर जनुकावरून आहार सांगतात. पैसे भरू का?

माझं मत: नका भरू. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६०९ जणांवर वर्षभर हीच परीक्षा घेतली (२०१८). निम्म्यांना कमी चरबीचा आहार, निम्म्यांना कमी कर्बोदकांचा. जनुकांवरून कुणाला कोणता लागू पडेल याचा अंदाज चुकला. सरासरी ५.३ आणि ६ किलो उतरलं. प्रत्येक गटात कुणी ३० किलो उतरवले, तर कुणाचे १० वाढले, आणि तो फरक जनुकांच्या तक्त्यातून कळला नाही. तेवढ्या पैशात घरच्या सगळ्यांची शुगर आणि थायरॉईड तपासून होते.

रक्तगटावरून आहार सांगणाऱ्यांचंही तेच. तो आहार पाळून कुणाला फायदा झाला तर तो भाज्या खाल्ल्याचा. रक्तगटाशी त्याचा संबंध नाही, हे तपासलं गेलं आहे.

१४. वजन उतरते, मंग सहा महिन्यांत परत चढते. माहीच चूक का?

चरबी घटली की लेप्टिन घटतं (प्रश्न १०), मेंदूला दुष्काळ आल्यासारखं वाटतं, भूक वाढते आणि शरीर कमी इंधनात भागवतं. हे सगळ्यांचंच होतं, कुणाचं जास्त. म्हणून महिन्यात दहा किलोची हमी देणारी पावडर दहा किलो परत येण्याचीही हमी असते. हळू उतरवा, आणि उतरल्यावरही तेच ताट चालू ठेवा.

१५. थायरॉईडमुळंच वजन वाढलं असन न?

थोडं. थायरॉईड कमी असल्याने साधारण दोन ते पाच किलो वाढतं, त्यातही बरंचसं पाणी. वीस किलोचा दोष त्याच्यावर टाकता येत नाही. तपासणी मात्र करा.

१६. नवीन इंजेक्शननं पोट उतरते म्हणतात. घ्यावं का?

भूक कमी करणारी ही औषधं वजनासाठी २०२५ पासून भारतात अधिकृतपणे मिळू लागली. ती खरी आहेत. पण डॉक्टरच्या चिठ्ठीनेच आणि तपासण्या करूनच घ्यायची. थांबवल्यावर वजन बहुधा परत येतं (प्रश्न १४), तेव्हा खर्चाचा हिशेब वर्षांचा धरा. कुणाच्या ओळखीने, बिनबिलाची कुपी आणून टोचून घेऊ नका.

१७. मले सिकलसेल हाय आणि वजन बी वाढलं. उपास आन् धावणं सुरू करू का?

निर्जळी उपास अजिबात नाही. अंगातलं पाणी घटलं की लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, अडकतात आणि वेदनेचा झटका येऊ शकतो. एप्रिल-मेच्या उन्हात धावणंही तितकंच धोक्याचं. सकाळी लवकर किंवा सांजेला, पाणी सोबत घेऊन, बोलता येईल इतक्या वेगाने चाला. आजार असलेले बरेच जण मुळात बारीक असतात आणि त्यांच्या शरीराला इंधन जास्त लागतं, तेव्हा वजन खरंच उतरवायचं आहे का हे आधी डॉक्टरला विचारा. नुसते वाहक असाल तर खाणं-चालणं बाकीच्यांसारखंच, फक्त कडक उन्हात पाण्याची हयगय नको.

आणखी एक अडचण शिबिरात सहसा कुणी सांगत नाही. शुगरची तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी तपासणी सिकलसेलच्या रुग्णांत विश्वासाची नाही. लाल पेशी लवकर मरतात, म्हणून आकडा खोटा कमी येतो. वाहकांतही लॅबच्या पद्धतीप्रमाणे तो चुकू शकतो. अशांनी उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी घेतलेली शुगर पाहावी. एचबीए१सीसाठी रक्त घेणाऱ्याला सिरिंज लावण्याआधीच सिकलसेलचं कार्ड दाखवा.